हरारेचे कोरडे नळ

१ डिसेंबर २००८ या दिवशी झिंबाब्वेची राजधानी हरारे हिच्या बहुतेक भागांत नळांना पाणी आले नाही. शहराला पाणी पुरविणारे चिव्हेरो सरोवर आटले नव्हते. जलशुद्धीकरण केंद्रातील ॲल्युमिनियम सल्फेट संपले होते, एवढेच. पावसाळ्यातले गढूळ पाणी निवळण्यासाठी आपल्याकडे घरोघर तुरटी फिरविली जाते. हे रसायन त्याच जातीचे. ते दुर्मीळ नव्हे आणि त्याचे उत्पादन हे काही गुंतागुंतीचे शास्त्रही नव्हे. पण चौदा-पंधरा लाख वस्तीच्या राजधानीला ते वेळेवर विकत घेता आले नाही, आणि ज्या दिवशी ते संपले त्या दिवशी त्या शहरात पटकीची साथ भर जोमात होती.

साथीला आरंभ झाला तो ऑगस्ट २००८ मध्ये, हरारेच्या दक्षिणेला असलेल्या चितुंगविझा या कामगारवस्तीच्या शहरात. ऑक्टोबरमध्ये तिने राजधानीच्या बुदिरिरो या दाट वस्तीच्या उपनगरात पाय रोवले. नोव्हेंबरमध्ये ती दक्षिण आफ्रिकेच्या सीमेवरील बाइटब्रिज येथे पोचली. पाहता पाहता देशाच्या दहाही प्रांतांत ती पसरली, आणि शेजारच्या राष्ट्रांतही शिरली. जुलै २००९ मध्ये ती ओसरली तेव्हा सरकारी नोंदीनुसार रुग्णांची संख्या ९८ हजारांवर आणि मृतांची ४ हजार २८८ इतकी झाली होती. त्याआधीच्या कित्येक वर्षांत आफ्रिकेत पटकीने इतके बळी एका साथीत घेतले नव्हते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरकारने राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून परदेशी मदतीची याचना केली. त्यानंतर आठवडाभरातच, ११ डिसेंबरला, अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांनी दूरचित्रवाणीवरील भाषणात आता पटकी उरलेली नाही अशा अर्थाचे विधान केले. ते उपरोधाने केले होते, असा खुलासा त्यांच्या प्रवक्त्याला मागाहून करावा लागला. दुसऱ्या दिवशी माहितीमंत्र्यांनी त्याच्याही पुढे मजल मारली. ही साथ म्हणजे ब्रिटनने झिंबाब्वेवर लादलेले जैविक व रासायनिक युद्ध होय, असा आरोप त्यांनी केला. वस्तुतः पटकीच्या जंतूला एखाद्या देशात शिरण्यासाठी शत्रूच्या विमानाची गरज नसते. मैलापाणी आणि पिण्याचे पाणी यांच्यामधली भिंत कोठे पडली आहे, एवढेच तो पाहतो. ही भिंत बांधणे आणि ती उभी ठेवणे हे काम मात्र डॉक्टरांचे नसून राज्यकर्त्यांचे आहे. म्हणूनच झिंबाब्वेच्या साथीचा इतिहास हा वैद्यकापेक्षा सार्वजनिक अर्थव्यवहाराचा इतिहास आहे.

पटकीवरचा उपचार हा आधुनिक वैद्यकातला बहुधा सर्वांत स्वस्त उपचार असेल. रुग्णाच्या शरीरातून झपाट्याने निघून जाणारे पाणी आणि क्षार परत भरून काढावयाचे, बस्स. १९७१ मध्ये बांगला देशाच्या मुक्तिसंग्रामातील निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले, तेव्हा सीमेवरील बनगाव येथे सलाइनचा साठा संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांकरवी रुग्णांना पाजले. तीस टक्क्यांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. जलसंजीवनीचा हा उपाय पुढे साऱ्या जगाने स्वीकारला. आज वेळेवर उपचार मिळाल्यास शंभर रुग्णांत एकही दगावू नये, अशी अपेक्षा असते. झिंबाब्वेत शंभरांत चाराहून अधिक दगावले. साधा हिशेब केला तरी रुग्णसंख्या तीच राहून मृत्यू हजाराच्या आत राखता आले असते. उरलेले तीन हजारांवर मृत्यू रोगाच्या खात्यावर मांडता येत नाहीत. त्यांतही निम्म्याहून अधिक माणसे कोणत्याही दवाखान्याच्या बाहेर, घरी किंवा वाटेवर मेली.

आणि हा देश काही आरोग्यव्यवस्थेची ओळखच नसलेला देश नव्हता. १९८० मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या दशकात झिंबाब्वेने प्राथमिक आरोग्य आणि शिक्षण यांत जी प्रगती केली तिचे दाखले विकासाच्या अर्थशास्त्रात दिले जात. लसीकरण खेड्यापाड्यांत गेले, बालमृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. त्याहून बोलका दाखला एका संडासाचा आहे. १९७० च्या दशकात तेथील ब्लेअर प्रयोगशाळेत पीटर मॉर्गन या संशोधकाने खड्ड्याच्या साध्या संडासाला एक उंच नळी जोडली आणि तिच्या तोंडावर जाळी बसविली. आतील खोली अंधारी ठेवावयाची, म्हणजे खड्ड्यातल्या माश्या उजेडाच्या ओढीने नळीत चढतात आणि जाळीशी अडकून मरतात. दुर्गंधीही नळीवाटे वर निघून जाते. पाण्याचा थेंब नाही, यंत्र नाही, आणि खर्च खेड्यातल्या शेतकऱ्याला झेपेल एवढा. हा 'ब्लेअर संडास' झिंबाब्वेच्या खेड्यांतून पसरला आणि पुढे अनेक गरीब देशांनी उचलला. मॉर्गन यांना २०१३ मध्ये स्टॉकहोमचा जलपुरस्कार मिळाला. म्हणजे मैला आणि माणूस यांना दूर कसे ठेवावे हे जगाला शिकविणाऱ्या देशातच चार हजारांवर माणसे मैल्याने दूषित झालेल्या पाण्याने मेली.

उताराच्या तळाशी सरोवर

हरारेच्या पाण्याचा प्रश्न समजून घेण्यासाठी प्रथम त्या शहराचा उतार पाहावा लागतो. बहुतेक शहरे पाणी वरच्या बाजूने घेतात आणि सांडपाणी खालच्या बाजूला सोडतात. हरारेचे उलटे आहे. ते तेव्हा सॉल्झबरी होते आणि ऱ्होडेशियाच्या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या ताब्यात होते. १९५२ मध्ये त्यांनी मन्यामे नदीवर जे धरण बांधले ते शहराच्या खालच्या अंगाला. मुकुविसी, मारिम्बा हे शहरातून वाहणारे ओढे-नाले शेवटी त्याच जलाशयाला मिळतात. चितुंगविझा तर १९७० च्या दशकात याच पाणलोट क्षेत्रात वसविले गेले. राजधानी जे पाणी पिते ते तिचेच सांडपाणी असते. मधल्या दोन पायऱ्या, म्हणजे वरच्या बाजूला मैलाशुद्धीकरण केंद्रे आणि खालच्या बाजूला मॉर्टन जॅफ्रे येथील जलशुद्धीकरण केंद्र, चोख काम करीत असतील तोवर यात धोका नाही. अशी रचना शास्त्रीयदृष्ट्या चूक नव्हे. पण ती चुकीला क्षमा करीत नाही.

शिवाय या रचनेत खर्चाचे एक दुष्टचक्र दडलेले आहे. मैलाशुद्धीकरणावरचा खर्च टाळला की जलाशय अधिक घाण होतो. जलाशय अधिक घाण झाला की तेच पाणी पिण्यायोग्य करण्यास अधिक रसायने लागतात. रसायनांवर पैसे गेले की मलवाहिन्यांच्या दुरुस्तीला उरत नाहीत, आणि पुन्हा तोच फेरा. एका हाताने वाचविलेला डॉलर दुसऱ्या हाताने दुपटीने घालवावा लागतो, आणि जेव्हा दुसऱ्या हातातही काही उरत नाही तेव्हा नळ कोरडे पडतात. २००० नंतर हरारेत नेमके हेच होत गेले. मैलाशुद्धीकरण केंद्रांची यंत्रे एकामागून एक बंद पडली आणि कच्चा मैला ओढ्यांत सोडला जाऊ लागला.

नळाचे पाणी अधूनमधून येऊ लागले म्हणजे केवळ गैरसोय होते असे नव्हे. वाहिन्यांतला दाब गेला की फुटक्या सांध्यांतून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. मलवाहिन्यांनाही वाहते राहण्यासाठी पाणी लागते. ते नसले की त्या तुंबतात आणि मैला रस्त्यावर येतो. बुदिरिरोच्या गल्ल्यांतून असा मैला महिनोन्महिने वाहत होता. नळ कोरडे, म्हणून लोकांनी परसात उथळ विहिरी खणल्या. नोव्हेंबरमध्ये तेथे पावसाळा सुरू होतो, आणि पहिल्याच पावसांनी रस्त्यावरचा मैला त्या विहिरींत धुऊन नेला.

पाणीपट्टी कोणाच्या तिजोरीत?

ही केंद्रे बिघडली हे कारण झाले. ती दुरुस्त का झाली नाहीत याचे उत्तर राजकारणात आहे. २००२ च्या महापालिका निवडणुकीत हरारेच्या मतदारांनी विरोधी पक्षाला, म्हणजे लोकशाही परिवर्तन चळवळीला, जवळजवळ सर्व जागा दिल्या आणि एलियास मुदझुरी या अभियंत्याला महापौर केले. सुमारे वर्षभरानेच स्थानिक शासनमंत्र्यांनी त्यांना निलंबित केले, पुढे पदच्युत केले, आणि निवडून आलेल्या मंडळींच्या जागी सरकारनियुक्त आयोग बसविला. २००५ मध्ये सरकारने शहरांचा पाणीपुरवठा नगरपालिकांकडून काढून झिंबाब्वे राष्ट्रीय जल प्राधिकरणाकडे देण्याचा निर्णय घेतला. पाणीपट्टी हे नगरपालिकेच्या उत्पन्नाचे मोठे साधन. ते गेले, आणि विरोधकांचे बालेकिल्ले असलेली शहरे आर्थिकदृष्ट्या लुळी झाली. प्राधिकरणाचा अनुभव मुख्यतः धरणांचा आणि ठोक पाण्याचा होता. लाखो घरजोडण्या, गंजलेले नळ आणि तुंबलेली गटारे ही त्याची विद्या नव्हती. पाण्याचे दर सरकारच्या मर्जीने खर्चाच्या कितीतरी खाली ठेवलेले. नागरिकाने तक्रार करावी तर कोणाकडे? नगरसेवकाच्या हाती पाणी नाही आणि प्राधिकरणाला मतदार नाही.

त्याच वर्षी सरकारने शहरांतील अनधिकृत झोपड्या आणि टपऱ्या जमीनदोस्त करण्याची 'मुरांबात्स्विना' नावाची मोहीम काढली. शोना भाषेतील या शब्दाचा अर्थ कचरा काढून टाकणे असा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार सुमारे सात लाख लोकांचे छप्पर किंवा पोटाचे साधन या मोहिमेत गेले. त्यांतले अनेक जण आधीच दाटलेल्या वस्त्यांत नातेवाइकांच्या आश्रयाला गेले. खोल्या त्याच, संडास तेच, माणसे दुप्पट.

पाण्याचा कारभार कोणाकडे आहे याने खरोखर फरक पडतो काय, अशी शंका कोणी घेईल. १८९२ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात पटकीने आठ हजारांवर माणसे मेली. त्याला अगदी लागून असलेले आल्टोना हे गाव त्याच एल्ब नदीचे, तेही हॅम्बुर्गच्या सांडपाण्याने अधिक घाण झालेले पाणी पीत होते. पण ते वाळूच्या थरांतून गाळून पुरविले जाई. तेथे साथ फिरकली म्हणावे इतकीच. हॅम्बुर्गच्या श्रीमंत व्यापाऱ्यांच्या सभागृहाने गाळणीचा खर्च वर्षानुवर्षे लांबणीवर टाकला होता. झिंबाब्वेतही असेच एक जोडीचे शहर सापडते. देशातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर बुलावायो. तेथील महापालिकेने आणि नागरिकांनी २००७ मध्ये पाणीपुरवठा प्राधिकरणाच्या हवाली करण्यास ठाम विरोध केला आणि तो आपल्याच हाती राखला. २००८ च्या साथीत बुलावायोतील रुग्णसंख्या हरारेच्या मानाने फारच थोडी राहिली. याला अन्य कारणेही असतील. तो प्रदेश कोरडा आहे, आणि तेथे स्वतंत्र टंचाई होतीच. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडणे अर्थशास्त्रात धोक्याचे असते. पण ज्या शहरात पाण्याचा जाब विचारण्यास एक जागा शिल्लक होती त्या शहरात साथ आटोक्यात राहिली, हे नजरेआड करता येत नाही.

चौदा शून्ये

राजकारणाने पाण्याचा मालक बदलला. पैशाच्या नाशाने त्याच्या हातातले बळ काढून घेतले. २००० पासून व्यापारी शेतजमिनींचा बळजबरीने ताबा घेतला गेला, त्यामुळे निर्यात कोसळली आणि कराचे उत्पन्न आटले. जमिनीचे फेरवाटप न्याय्य होते की नाही, हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. वसाहतकाळातला अन्याय खराच होता. पण तूट आली ती सरकारने नोटा छापून भरली. जून २००७ मध्ये भाव सक्तीने उतरविण्याचा हुकूम निघाला तेव्हा दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या, एवढाच त्याचा परिणाम. जुलै २००८ मध्ये चलनवाढीचा अधिकृत वार्षिक दर २३ कोटी १० लाख टक्क्यांवर गेला. ऑगस्टमध्ये नोटांवरील दहा शून्ये पुसली. जानेवारी २००९ मध्ये शंभर ट्रिलियन डॉलरची, म्हणजे एकावर चौदा शून्ये असलेली नोट निघाली. आपल्या जुन्या अंकमालिकेत एवढ्या संख्येला 'जलधी' असे नाव आहे. हाती जलधीची नोट आणि घरात पाण्याचा थेंब नाही, असा योग फार थोड्या देशांच्या नशिबी येतो.

अशा चलनवाढीत पाणीपट्टीचे काय होते पाहा. महिन्याच्या आरंभी आकारलेले बिल महिन्याच्या अखेरीस भरले गेले तरी मधल्या काळात त्याची किंमत नाहीशी झालेली असते. ग्राहकाने प्रामाणिकपणे भरलेल्या पैशांत तुरटीचा खडाही येत नाही. रसायने आणि यंत्रांचे सुटे भाग यांना परकीय चलन हवे, आणि परकीय चलनाचा अधिकृत भाव व काळ्या बाजारातला भाव यांत जमीनअस्मानाचे अंतर. अधिकृत भावाने ते कोणाला द्यावयाचे हे मध्यवर्ती बँक ठरविणार. ज्याच्या हाती ही वाटणी त्याच्या कृपेवर मोठमोठे धनी होत होते. तुरटीची रांग मागे राहिली.

पगारदारांची गत वेगळी नव्हती. परिचारिकेचा महिन्याचा पगार तिच्या बसभाड्यालाही पुरेना. बँकेतून रोज किती रक्कम काढावी यावर मर्यादा, आणि तेवढी मिळविण्यासाठी दिवसभराची रांग. कामावर जाण्यास पैसे लागत आणि न जाण्यास काहीच लागत नसे. तेव्हा लोक घरी राहिले. यात कर्तव्यच्युती शोधणाऱ्यांनी त्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. नोव्हेंबर २००८ मध्ये हरारेतील दोन्ही मोठी सरकारी रुग्णालये जवळजवळ बंद झाली. १८ नोव्हेंबरला डॉक्टर आणि परिचारिकांनी निदर्शने केली ती दंगलविरोधी पोलिसांनी उधळली. तुरटी संपली त्याच १ डिसेंबरला, पगाराचे पैसे हाती पडत नाहीत म्हणून संतापलेल्या सैनिकांनी राजधानीच्या रस्त्यांवर दंगा केला. ज्यांच्या जोरावर सत्ता उभी होती त्यांनाही ती नोटांखेरीज काही देऊ शकत नव्हती.

क्षय, हिवताप आणि एड्स यांच्या निर्मूलनासाठीच्या जागतिक निधीने दिलेले सुमारे ७३ लाख अमेरिकी डॉलर मध्यवर्ती बँकेत अडकून पडले होते. निधीने जाहीर वाच्यता केल्यावर, नोव्हेंबर २००८ मध्ये, ते परत करण्यात आले. पैसा रुग्णाच्या नावाने आला तरी देशात शिरताच त्याच्यावर पहिला हक्क कोणाचा, हे यावरून दिसले.

सारा दोष पाश्चात्य राष्ट्रांच्या निर्बंधांचा, असे मुगाबे सरकारचे उत्तर होते. ते सरसकट उडवून लावणे बरोबर नाही. अमेरिकेच्या २००१ च्या कायद्याने आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांतील अमेरिकी प्रतिनिधींना झिंबाब्वेच्या कर्जांना विरोध करण्यास बजावले होते, आणि पत गेलेल्या देशाला आयात महाग पडते. १९९१ मध्ये नाणेनिधी व जागतिक बँक यांच्या सल्ल्याने स्वीकारलेल्या कार्यक्रमात दवाखान्यांतून शुल्क आकारले गेले आणि आरोग्यावरील खर्चाला कात्री लागली, तेव्हाच दशकभराच्या कमाईला पहिली गळती लागली होती, हेही मान्य केले पाहिजे. पण जागतिक बँकेने कर्जे थांबविली ती या कायद्याच्या आधी, २००० मध्ये, हप्ते थकले म्हणून. युरोपीय निर्बंध मुख्यतः सत्ताधाऱ्यांची खाती, त्यांचा प्रवास आणि शस्त्रे यांपुरते होते. ॲल्युमिनियम सल्फेटवर निर्बंध कोणीच घातलेला नव्हता.

फेब्रुवारी २००९ मध्ये मुगाबे आणि विरोधी नेते मॉर्गन त्स्वांगिराई यांचे संयुक्त सरकार आले. स्थानिक डॉलर व्यवहारातून गेला आणि अमेरिकी डॉलर व दक्षिण आफ्रिकेचा रँड चालू लागले. प्रत्येक सरकारी नोकराला महिना शंभर अमेरिकी डॉलर मिळू लागले, आणि तेवढ्यावर परिचारिका कामावर परतल्या. शहरांचा पाणीपुरवठा नगरपालिकांकडे परत आला. युनिसेफने रसायने पुरविली आणि वस्त्यांत कूपनलिका खणून दिल्या. चार-पाच महिन्यांत साथ विझली. गेली कित्येक वर्षे जे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते इतक्या थोड्या पैशांत होऊ शकले.

मात्र मलवाहिन्या तशाच राहिल्या. मॉर्टन जॅफ्रेच्या दुरुस्तीसाठी २०११ मध्ये चीनकडून १४ कोटी ४० लाख डॉलरचे कर्ज ठरले. तरी सप्टेंबर २०१९ मध्ये रसायनांअभावी ते केंद्र पुन्हा बंद ठेवण्याची पाळी आली. त्याच्या वर्षभर आधी, सप्टेंबर २०१८ मध्ये, ग्लेन व्ह्यू आणि बुदिरिरो याच उपनगरांत पटकी परतली होती. अर्थमंत्र्यांनी तेव्हा साथनिवारणासाठी जनतेकडे वर्गणी मागितली आणि कर कशासाठी भरतो असा प्रश्न लोकांनी त्यांना विचारला. फेब्रुवारी २०२३ मध्ये चेगुतू येथे सुरू झालेल्या साथीत २०२४ च्या मध्यापर्यंत चौतीस हजारांवर रुग्ण आणि सातशेवर मृत्यू नोंदले गेले. २०१८ च्या तपासात ग्लेन व्ह्यूमधील ज्या कूपनलिकांचे पाणी दूषित निघाले, त्यांच्याभोवती नळ कोरडे असल्यामुळे लोकांच्या बादल्यांच्या रांगा लागत असत, आणि शेजारची मलवाहिनी फुटलेली होती.